जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची उमेदवारी

अडीच वर्षांमागची गोष्ट. फाल्गुनाचा महिना होता. आमच्या वडील बंधूंच्या कन्येचें लग्न ठरलेलें, आणि घरांत याद्या, आहेर व कार्यालय यांखेरीज दुसरा विषय नव्हता. अशांत एके रात्रीं पानें वाढलीं असतां धाकट्या बंधूंची कन्या, जी त्या वेळीं बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत होती, हळूच म्हणाली, "दादाकाका, मला उन्हाळ्यांत दोन महिने बंगळूरला बोलावलें आहे." कोणीं बोलावलें, कशाला बोलावलें, असें विचारतां कळलें कीं, तेथील एका प्रयोगशाळेंत काम करण्यासाठीं तिची निवड झाली असून वैशाखारंभीं तिनें हजर व्हावयाचें आहे. लग्नाची तिथिहि वैशाखांतलीच. पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

धाकटे बंधु बँकेंत नोकरीस आहेत. त्यांनीं तिचें नांव बँकेच्या परीक्षांच्या शिकवणीवर्गांत घालून पैसेहि भरून ठेवले होते. ते म्हणाले, "पदवी हातांत नाहीं, आणि संशोधन कसलें?" तिच्या आईचा प्रश्न निराळा : एकट्या मुलीनें परगांवीं राहावयाचें तें कोणाकडे? आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि त्या रात्रीं तिच्या बाजूनें एक शब्द काढला नाहीं. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवून आमच्या मनाची एक घडी बसलेली. आधीं रूपें पाठ करावीं, मग संधि-समास, आणि श्लोक जुळविण्याची गोष्ट त्यानंतर कधीं तरी. बी. एस्सी.च्या मुलीनें संशोधन करणें म्हणजे 'रामः रामौ' म्हणणाऱ्यानें महाकाव्यास हात घालणें, असें आम्हांस वाटलें, आणि आम्ही मुकाट्यानें ताक प्यालों.

परंतु त्या रात्रीं झोंप लागेना. आमच्या भगिनीचा मुलगा वारंवार डोळ्यांपुढें येऊं लागला. त्यानें सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम. एस्सी. केलें, विद्यापीठांत वरच्या नंबरांत आला, आणि पीएच. डी.साठीं अमेरिकेंतील आठ विद्यापीठांकडे अर्ज केले. त्या अर्जांचें शुल्क भरतां भरतां त्याच्या वडिलांची एक ठेव मोडली. आठहि ठिकाणांहून नकार आला. गुणपत्रिका उत्तम, इंग्रजीची परीक्षा उत्तम, मग उणें काय पडलें? पुढें पुष्कळ दिवसांनीं त्यानेंच सांगितलें. अशा अर्जास तीन शिफारसपत्रें लागतात. तो तीन प्रोफेसरांकडे गेला, आणि तिघांनींहि सांगितलें, "तूंच लिहून आण, सही करतों." त्यानें एकाच बैठकींत तिन्ही पत्रें लिहिलीं; शब्द थोडे फिरविले, इतकेंच. तिन्ही पत्रांत तो हुशार, मेहनती, आज्ञाधारक आणि सद्वर्तनी होता. त्यांत असत्य असें कांहीं नव्हतें. परंतु स्वतःच्या हातानें त्यानें कोणता प्रयोग केला, तो फसला तेव्हां काय केलें, उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नापुढें तो कसा उभा राहतो, याविषयीं त्यांत एक ओळ नव्हती. आणि असणार तरी कशी? तसा प्रसंग त्याच्यावर आलाच नव्हता. त्याचीं सारीं प्रात्यक्षिकें ज्यांचें उत्तर पुस्तकांत छापलेलें आहे अशीं होतीं. भाचा आज एका औषधांच्या कंपनींत विक्रीच्या कामावर आहे. पगार बरा आहे. मात्र त्याच्यापुढें जीवशास्त्राचा विषय काढूं नये, असा आमच्या दोन्ही घरांत एक अलिखित नियम आहे.

त्या तीन प्रोफेसरांस आम्ही दोष देतों तो जपूनच देतों. आम्हीं स्वतः किती दाखल्यांवर 'वर्तणूक चांगली, अभ्यासांत नियमित' असें लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. वर्गांत साठ मुलें असावयाचीं. त्यांतल्या पन्नासांविषयीं याहून निराळें लिहिण्याजोगें आम्हांस ठाऊकच नसे. ज्यानें मुलास काम करतांना पाहिलें नाहीं, त्यानें लिहावें तरी काय?

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं चौकशीस आरंभ केला. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि जीवशास्त्राचा गंधहि नाहीं. परंतु शाळामास्तरास एक लाभ असतो, त्याचे जुने विद्यार्थी गांवोगांव पसरलेले असतात. त्यांतील दोघे-तिघे आज संशोधनांत आहेत. त्यांनीं फोनवरून जें सांगितलें आणि पुढें आम्हीं जें वाचलें-पाहिलें, तें ज्या घरांत बी. एस्सी.चा मुलगा वा मुलगी आहे त्या घरांस उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्याच विद्यार्थ्यानें जी हकीकत सांगितली, तिनें आमची 'आधीं व्याकरण, मग काव्य' ही समजूत पार ढांसळली. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत थॉमस हंट मॉर्गन नांवाचे प्राध्यापक आनुवंशाचा अभ्यास करीत होते, आणि त्यासाठीं त्यांनीं फळमाशी पाळली होती. केळें फार पिकलें कीं त्यावर जीं बारीक चिलटें घोंगावतात, तीच ही माशी. त्यांची खोली अवघी सोळा फूट रुंद आणि तेवीस फूट लांब. त्यांत दुधाच्या बाटल्यांतून माश्यांची वीण चाललेली. या खोलींत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नांवाचा एक पोरगा येऊन बसला. याच्या वडिलांच्या शेतावर घोडे होते, आणि त्या घोड्यांच्या रंगांच्या वंशावळी मांडण्याचा त्यास लहानपणापासून नाद. त्यावर त्यानें लिहिलेलें टिपण मॉर्गननीं पाहिलें, तें छापावयास लाविलें, आणि आपल्या खोलींत त्यास जागा दिली. १९११ सालीं एके दिवशीं गुरूंशीं बोलतां बोलतां या मुलाच्या मनांत आलें कीं, दोन गुण पुढच्या पिढींत एकमेकांपासून किती वेळां सुटे होतात हें मोजलें, तर त्यांस कारण होणारे घटक गुणसूत्रावर परस्परांपासून किती अंतरावर आहेत तें काढतां येईल. तो घरीं गेला, महाविद्यालयाचा गृहपाठ बाजूस सारला, आणि रात्रींतल्या रात्रींत जगांतील पहिला गुणसूत्राचा नकाशा काढला. तेव्हां तो १९ वर्षांचा होता, आणि पदवी अजून हातीं यावयाची होती. तो निबंध १९१३ सालीं प्रसिद्ध झाला.

त्याच खोलींतला दुसरा विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस. याला तर बाटल्या धुण्याच्या कामावर घेतलें होतें. धुतां धुतां बाटलीच्या जाड कांचेंतून त्यास एक माशी दिसली, जिचे डोळे इतर माश्यांहून निराळ्या, झगझगीत तांबड्या रंगाचे होते. ज्यानें हें कांचेपलीकडून ओळखलें तो बाटल्या धुण्यापुरता नव्हे, हें मॉर्गननीं जाणलें. १९३३ सालीं मॉर्गनना नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्या रकमेंतला भाग त्यांनीं स्वतःच्या मुलांप्रमाणेंच या दोघां शिष्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठींहि दिला.

आपल्याकडे शिष्याला एक जुना शब्द आहे, 'अंतेवासी'. जवळ राहतो तो अंतेवासी. आम्हीं हा शब्द शेंकडों वेळां फळ्यावर लिहिला, विग्रह करून दाखविला. परंतु त्याचा अर्थ या माश्यांच्या खोलीनें जितका उलगडला तितका कोशानें उलगडला नव्हता. कारागिरांच्या घरांत यालाच उमेदवारी म्हणतात. सुताराचा मुलगा लांकडाविषयींचीं पुस्तकें संपवून मग रंधा हातीं घेत नाहीं.

"हीं सारीं परदेशांतलीं, आणि पुरुषांचीं उदाहरणें झालीं, भावोजी," असें आमच्या भावजयबाई म्हणाल्या, आणि तें खरेंच होतें. तेव्हां आम्हीं कपाटांतून दुर्गाबाई भागवतांचें एक पुस्तक काढून त्यांच्यापुढें ठेविलें. दुर्गाबाईंचें लेखन त्यांच्या आवडीचें. या दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, पुढें सोहोनी, १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागावयास गेल्या. संस्थेचे प्रमुख त्या वेळीं सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनीं स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहींत. शेवटीं एक वर्ष परीक्षा म्हणून, अटी घालून, त्यांस घेण्यांत आलें. तेथें श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध आणि कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्ष संपलें तेव्हां रामन यांस आपलें मत बदलावें लागलें आणि त्या संस्थेचें दार स्त्रियांस उघडलें. कमलाबाई पुढें केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम-सी हें द्रव्य असतें हें त्यांनीं दाखविलें, आणि १९३९ सालीं पीएच. डी. झाल्या, विज्ञानांत ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. भावजयबाईंनीं सर्व ऐकून घेतलें व इतकेंच विचारलें, "तेथें मुलींचें वसतिगृह आहे ना?" होतें. प्रश्न मिटला. बंधूंचा मात्र मिटला नाहीं. शिकवणीवर्गाचे पैसे बुडाले तें ते आजहि अधूनमधून काढतात.

आतां माहितीकडे वळतों. आपल्या देशांत ही उमेदवारी करण्याच्या सोयी आज पुष्कळ आहेत. त्यांची वार्ता घरांपर्यंत पोंचत नाहीं, हें दुःख. बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान-अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ति देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करतो, आणि त्यास निर्वाहापुरतें वेतन मिळतें. महाविद्यालयांतील शिक्षकांनाहि यासाठीं अर्ज करतां येतो, हें फार थोड्या शिक्षकांस ठाऊक आहे. अर्ज बहुधा दिवाळीच्या सुमारास भरावे लागतात. चैत्रांत जागें होणाऱ्यास येथें कांहीं मिळावयाचें नाहीं. बंगळूरचें जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्याहि स्वतंत्र उन्हाळी योजना आहेत. बारावीच्या परीक्षेंत आपल्या मंडळांत पहिल्या शंभरांत एक या प्रमाणांत वर असणाऱ्या व पुढें मूलभूत विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं केंद्र सरकारची २००८ सालची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ति आहे. तिचे वर्षाचे ८० हजार रुपये. त्यांतले २० हजार खास उन्हाळ्यांतील संशोधनासाठीं ठेविलेले असतात. घरांतील मंडळी ८० हजारांचा आंकडा लक्षांत ठेवतात आणि त्या २० हजारांचें प्रयोजन विसरतात. 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' १९९९ सालची; ती २०२२ मध्यें इन्स्पायरमध्यें विलीन झाली, सबब तिच्या परीक्षेचीं जुनीं पुस्तकें कोणी विकत घेऊं नयेत.

ज्यास यांतलें कांहींच मिळालें नाहीं, त्यानेंहि स्वस्थ बसूं नये. पुण्यांतच आयसर (२००६ सालीं स्थापन झालेली), पेशीविज्ञानाचें राष्ट्रीय केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संशोधन संस्था अशा चार मोठ्या जागा आहेत. तेथील शास्त्रज्ञास सरळ पत्र लिहावें. परंतु पत्र कसें? एकच मजकूर पन्नास जणांस पाठविला, कीं तो पन्नास टोपल्यांत जातो. ज्यास लिहावयाचें त्याचा एक तरी शोधनिबंध आधीं वाचावा, त्यांतलें आपणांस काय कळलें व काय कळलें नाहीं हें दोन वाक्यांत लिहावें, आपणांस कोणते दोन महिने मोकळे आहेत तें सांगावें, आणि थांबावें. 'आदरणीय महोदय, आपल्या जगद्विख्यात प्रयोगशाळेंत' असल्या अलंकारांची कांहीं गरज नाहीं. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनीं एकदां आठवण करावी. राग मानूं नये.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. पैसे घेऊन पंधरा दिवसांत 'संशोधनाचें प्रमाणपत्र' देणारीं दुकानें आतां शहरोशहरीं निघालीं आहेत. आमच्या एका शेजाऱ्यांनीं अशा ठिकाणीं मुलाचे बारा हजार भरले. मुलास एका यंत्राभोंवतीं वीस जणांसह उभें करून तें कसें चालतें हें दाखविलें, आणि सोनेरी कांठाचा कागद दिला. खरी प्रयोगशाळा उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीं. फार तर वसतिगृहाचें भाडें घेईल.

आणि प्रयोगशाळेवांचून जीवशास्त्र नाहीं असेंहि नव्हे. वर ज्यांच्या नांवाची संस्था सांगितली ते शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकवीत असतां ते सह्याद्रींत पायीं हिंडून वनस्पति आणि प्राणी गोळा करीत. त्या भटकंतींत त्यांस गोड्या पाण्यांतला एक जेलीफिश सांपडला. या जातीचा प्राणी तोंवर आफ्रिकेंतलाच मानला जाई. त्याचें वर्णन १९११ सालीं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या अ‍ॅनंडेल यांनीं प्रसिद्ध केलें, आणि आघारकरांचें नांव शास्त्रज्ञांत पोंचलें. पुढें ते कलकत्ता विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, जर्मनींत शिकावयास गेले असतां महायुद्धांत अडकले, तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. पुण्याची संस्था त्यांनीं १९४६ मध्यें उभारली. एखाद्या देवराईंतलीं झाडें दोन वर्षें नीट नोंदणाऱ्या मुलाला आजहि असें दार उघडूं शकतें. वही मात्र तारीखवार असली पाहिजे.

आमची पुतणी बंगळूरला गेली ती, योगायोग असा कीं, फळमाश्यांच्याच प्रयोगशाळेंत. पहिले तीन आठवडे तिनें काय केलें? मक्याचें पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून माश्यांची पेज केली, आणि नळ्या धुतल्या. मग सूक्ष्मदर्शकाखालीं नर-मादी वेगळे करावयास शिकली. २५ अंश उष्णतेंत या माशीची एक पिढी दहा दिवसांत तयार होते. कोशांतून बाहेर पडलेली मादी आठ तासांच्या आंत वेगळी करावी लागते. नंतर ती नराशीं संग करते आणि प्रयोगास निरुपयोगी होते. म्हणून पहांटे सहाला प्रयोगशाळेंत हजर. घरीं आठाला अंथरुणांतून न उठणारी मुलगी! बहिणीच्या लग्नास ती आली ती दोन दिवसांची रजा काढून. सीमांतपूजनाच्या वेळीं पोंचली आणि वरातीपूर्वीं निघाली, कारण माश्या दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन केलेल्या होत्या.

तिला दिलेला प्रश्न लहानसा होता : दोन प्रकारच्या अन्नावर वाढलेल्या माश्या नळीच्या भिंतीवर सारख्याच चपळाईनें चढतात कीं कसें? नळी आपटली कीं माश्या तळाशीं पडतात, आणि दहा सेकंदांत किती वर चढल्या तें मोजावयाचें. पांचव्या आठवड्यांत तिचा आनंदानें फोन आला, फरक सांपडला होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनीं आंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आतां नळ्यांवरच्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाकडून झांकून घे, कोणती नळी कोणत्या अन्नाची हें तुला कळतां कामा नये, आणि पुनः मोज." तिनें मोजलें. फरक नाहींसा झाला. पुनः मोजलें, तरी नाहीं. फरक माश्यांत नव्हता, मोजणारीच्या इच्छेंत होता. त्या रात्रीं ती फोनवर रडली. "दादाकाका, दोन महिने फुकट गेले. बाबांना सांगूं नका." आम्हीं सांगितलें नाहीं.

शेवटच्या दिवशीं तिनें सर्व मंडळींपुढें आपलें काम सांगितलें, पहिले आंकडेहि दाखविले आणि दुसरेहि, आणि पहिले कां चुकले तेंहि. निघतांना मार्गदर्शक बाई तिला म्हणाल्या, "पुढें तुला पत्र लागेल तेव्हां कळव. मी हीच गोष्ट लिहीन." पुतणीनें हें घरीं येऊन सांगितलें, तेव्हां भाच्याचीं तीन पत्रें आम्हांस आठवलीं. गंमत अशी कीं, तिच्याच बरोबर गेलेल्या एका मुलीला तिसऱ्या आठवड्यांतच कळून चुकलें कीं, हें काम आपलें नव्हे. ती आतां शिक्षिका होण्याच्या मार्गाला लागली आहे आणि सुखी आहे. तिच्या घरच्यांनीं ते दोन महिने वाया गेले असें मानलें. आम्ही मानीत नाहीं. पीएच. डी.ला पांच-सहा वर्षें लागतात. ती चूक तेथें कळण्यापेक्षां येथें कळलेली बरी.

परत आल्यावर तयारीस खरा आरंभ झाला. शोधनिबंध वाचावयाचा कसा हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. ती पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन बसे आणि दुसऱ्या पानावर थके. आम्हीं विचारलें, या निबंधांत पूर्वपक्ष कोणता? म्हणजे याच्यापूर्वीं लोक काय मानीत होते? सिद्धांत कोणता? आणि त्याला हेतु म्हणून कोणती आकृति पुढें केली आहे? आकृत्या आधीं पाहा, प्रत्येक आकृति कोणत्या शंकेला उत्तर देते तें समासांत लिही, मग मजकूर वाच. न्यायाची ही जुनी चौकट तिथें इतकी चपखल बसेल असें आम्हांसहि वाटलें नव्हतें. आठवड्यास एक निबंध या क्रमानें वर्षांत पन्नासांजवळ झाले. दुसरी उणीव गणिताची. गणिताला भिऊन जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी पुष्कळ. आणि जीवशास्त्र पुढें जाऊन त्यांस सांख्यिकींतच गांठतें. आकडेमोडीसाठीं 'आर' किंवा 'पायथन' ही संगणकाची भाषा थोडी तरी यावी, असें तिच्या बाईंचें आग्रहाचें सांगणें होतें.

पुढच्या प्रवेशांची वाट अशी. टाटा संस्था आणि तिचें बंगळूरचें जीवविज्ञान केंद्र यांची एक प्रवेशपरीक्षा आहे, तिला संक्षेपानें 'जीबिल्स' म्हणतात. देशांतील इतर कांहीं संस्थाहि तिचे गुण धरतात. तिच्यांत पाठांतरापेक्षां तर्कावर भर असतो. 'नेट' परीक्षा वर्षांतून दोनदां होते. तींत वरच्या गुणांनीं उत्तीर्ण होणाऱ्यास संशोधनवृत्ति मिळते. 'गेट' मध्यें जीवविज्ञानाचा स्वतंत्र पेपर आहे. लेखी परीक्षेनंतर मुलाखत, आणि मुलाखतींत पहिला प्रश्न बहुधा हाच : तुम्हीं कोणतें काम केलें आहे तें सांगा. ज्यानें काम केलें आहे तो फळ्याजवळ जाऊन बोलूं लागतो. ज्यानें केलें नाहीं तो अभ्यासक्रम म्हणूं लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनीं घेणाऱ्यास एम. एस्सी.वांचूनहि पीएच. डी.च्या प्रवेशास पात्र धरतात. ती सवलत खरी. परंतु चौथें वर्ष संशोधनाचें असतें, आणि आधींच्या उन्हाळ्यांत हात न मळविलेल्यास तें जड जातें.

पैशाचा प्रश्न बंधूंनीं विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांस अधिकार आहे. पीएच. डी. करणारा आज घरावर भार नसतो. १ जानेवारी २०२३ पासून संशोधनवृत्ति पहिलीं दोन वर्षें महिना ३७ हजार व पुढें ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडें, अशी आहे. ती वेळेवर हातीं पडतेच असें नाहीं. महिनोन्महिने तटलेली वृत्ति हें संशोधकांच्या पोरांचें नेहमींचें रडगाणें आहे. आणि पदवीनंतरच्या कायम जागा मोजक्याच. बंधूंची भीति निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. बँकेंत पांच वर्षांत मुलगी जेथें पोंचती तेथें संशोधनांत ती दहा वर्षांनींहि पोंचेल कीं नाहीं, सांगवत नाहीं.

परदेशाविषयीं थोडेंच. अमेरिकेंत चार वर्षांच्या पदवीनंतर सरळ पीएच. डी.ला घेतात, जीवशास्त्रांत प्रवेश मिळालेल्यास बहुतेक ठिकाणीं शुल्क माफ असून निर्वाहवेतनहि मिळतें, आणि पहिल्या वर्षीं दोन-तीन प्रयोगशाळांतून फिरून मग गुरु निवडावयाचा असतो. ही पद्धत आम्हांस फार आवडली. अर्ज डिसेंबरांत. पूर्वीं अनिवार्य असलेली 'जी. आर. ई.' परीक्षा आतां अनेक जीवशास्त्र-विभागांनीं सोडून दिली आहे, त्यामुळें पत्रांचें वजन वाढलेंच आहे. तेथील सरकारी उन्हाळी योजना मात्र तेथील नागरिकांसाठीं व कायम रहिवाशांसाठीं आहेत. आपल्या मुलांनीं त्यांचे अर्ज भरण्यांत दिवस घालवूं नयेत. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठींचा कार्यक्रम १९५९ पासून चालला आहे, आणि तो परदेशच्या विद्यार्थ्यांसहि खुला असतो. जागा अर्थातच थोड्या.

पुतणी आतां एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत आहे. मधल्या उन्हाळ्यांत ती पुण्यास एका वनस्पतींच्या प्रयोगशाळेंत राहून आली, आणि माश्यांपेक्षां झाडें बरीं असें तिचें मत झालें आहे. येत्या परीक्षेचा अर्ज गेला. दोन पत्रें गेलीं, एक बंगळूरहून आणि एक पुण्याहून. तिसरें येथल्या महाविद्यालयाच्या प्रोफेसरांकडून हवें होतें. ते म्हणाले, "तूंच लिहून आण." ती म्हणाली, "सर, मी लिहिणार नाहीं, पण माझी वही आणतें." ती तीन वर्षांच्या वह्या घेऊन गेली, आणि ते गृहस्थ दोन तास त्या चाळीत बसले. काय लिहिलें तें तिनें पाहिलेलें नाहीं, आणि पाहावयाचेंहि नसतें.

मुलाखती फाल्गुनाच्या आसपास होतील. घरांत नातवाची मौंज करावयाची आहे. या खेपेस धाकट्या बंधूंनींच पंचांग काढलें, आणि मुहूर्त वैशाखाखेरीज धरूं नये असें भटजींस सांगून आले.